कर्करोगाचे उपचार आणि मुखशुद्धी

अमरावती-अकोल्याकडे खर्रा व तंबाखू आपल्या वस्त्यांना नवा नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, सवय मात्र सुटली नाही. तोंडाच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण येथून नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. उपचारात तोंड आले की घरची माणसे मायेने सांगतात, "दुखते ना, मग राहू द्या, दात नका घासू." आमच्या मते हा सल्ला फार घातक आहे.

तोंडाच्या आतील नाजूक त्वचेच्या पेशी सतत झिजतात व भराभर नव्या तयार होतात. केमोथेरपीचे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते, त्यात ह्याही सापडतात. म्हणून औषधानंतर साधारण ५ ते १० दिवसांत तोंड येते. तोंडा-मानेवर किरणोपचार घेणाऱ्यास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे सुरुवात जंतूंपासून नाही. निरोगी तोंडातही शेकडो जातींचे जंतू निमूट राहतात. पण कुंपण मोडलेल्या वावरात ढोरे शिरावीत तसे ते जखमेतून आत शिरतात, आणि केमोमुळे त्याच सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी, म्हणजे राखणदारही, कमी झालेले असतात. एरवी निरुपद्रवी असणारे तोंडातील स्ट्रेप्टोकोकाय जंतू तेव्हा रक्तात गेले तर जिवावर बेतते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली आहे. तेथे सांगितलेल्या पाच लाभांत तोंडाला दुर्गंधी न येणे आणि अन्न रुचणे हे दोन आहेत. रुग्णाला अन्न गेले नाही तर वजन उतरते, कधी उपचारही मध्येच थांबवावे लागतात.

तेव्हा अगदी मऊ ब्रशने दोन वेळा हळूवार दात घासावेत. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून तीन-चार तासांनी चुळा भराव्यात. पाणी रोज नवे. मिश्री व अल्कोहोलचे माऊथवॉश वर्ज्य. ठेचा बंद, मऊ भात, फिके वरण, केळे चालते. दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बहुधा बुरशी. तिचे औषध वेगळे असते.

किरणोपचार ठरताच, सुरू होण्यापूर्वी, दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. अमरावतीत दंत महाविद्यालय आहे. किडका दात नंतर काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याची भीती असते.

केमोच्या काळात ताप १००.४ अंशांवर गेला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.