ताप गेल्यावर येणारा ताप

मूल तापांतून उठलें, जेवूंखेळूं लागलें, म्हणजे आईबापांची काळजी मिटते. परंतु करोनाच्या सांथीनें एक निराळी गोष्ट शिकविली. ती आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस, विशेषेंकरून घरोघर जाणाऱ्या उपदेशकबंधूंस, ठाऊक असावी म्हणून येथें लिहीत आहों.

इ. स. २०२० च्या एप्रिल महिन्यांत इंग्लंडांतील डॉक्टरांकडे कांहीं मुलें तीव्र तापानें व हृदयाच्या अशक्तपणानें आजारी होऊन आलीं. पुढें कळलें कीं, हा आजार करोनाच्या संसर्गानंतर बहुधा दोन ते सहा आठवड्यांनीं उद्भवतो. आणि तो संसर्ग कित्येकदां इतका सौम्य असतो कीं, घरांत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. विषाणूशीं लढण्यास शरीरांत जी शक्ति जागी होते, ती शत्रु गेल्यावरहि शांत होत नाहीं, व आपल्याच रक्तवाहिन्या, हृदय, आंतडीं यांत दाह उत्पन्न करिते. राखणदारानें चोर हांकलून मग घरच्यांवर काठी उगारावी, तसा हा प्रकार होय. जपानचे डॉक्टर तोमिसाकु कावासाकी यांनीं १९६७ सालीं वर्णिलेल्या बालरोगाशीं ह्याचें पुष्कळ साम्य आहे. मात्र तो बहुधा पांच वर्षांच्या आंतील बालकांस होतो, हा शाळेंत जाणाऱ्या मुलांसहि गांठतो.

ताप हटत नाहीं, डोळे लाल होतात पण चिपडें येत नाहींत, ओंठ फुटतात, पुरळ उठतें, हातपाय सुजतात. वांत्या, जुलाब होऊन पोट तर इतकें दुखतें कीं, डॉक्टरांसहि आंत्रपुच्छाचा विकार वाटावा. मग खेड्यांत कोणी उष्णता म्हणून सब्जा पाजतो, कोणी पोटास डाग देतो, ह्यांत नवल तें काय? पण डागानें हृदय वांचत नाहीं! मूल गळून गेलें, हातपाय गार पडले, धाप लागली, तर त्याच घटकेस मोठ्या दवाखान्यांत न्यावें.

तेथें नाकांतील तपासणींत पुष्कळदां कांहींच सांपडत नाहीं, कारण विषाणू निघून गेलेला असतो. म्हणून मागील दीड महिन्यांत मुलास किंवा घरांत कोणास ताप-खोकला झाला होता काय, हें आईबापांनीं आपण होऊन सांगावें. तें त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? शिरेंतून प्रतिपिंडें व स्टिरॉइड वेळेवर मिळाल्यास बहुतेक मुलें बरीं होतात. ॲस्पिरिन कधीं डॉक्टर देतात, पण घरीं आपल्या मतानें देऊं नये. विषाणूच्या तापांत ती मुलांच्या यकृतास व मेंदूस घातक ठरूं शकते.

२०२२ नंतर हा आजार पुष्कळ विरळ झाला आहे. तथापि ज्यास तो होऊन गेला, त्याच्या हृदयाची तपासणी घरीं आल्यावरहि पुन्हां करावी लागते. मूल अंगणांत धावूं लागलें म्हणून ती तारीख चुकवूं नये.