विद्यार्थिजीवनांतील स्वार्थ व परार्थ

विद्यार्थी हा घेणारा आणि जग हें देणारें, अशी एक समजूत आपल्या लोकांत रूढ आहे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन पुस्तकें व कपडे पुरवितात, शिक्षक ज्ञान देतात, सरकार व मिशन शाळा चालवितात; विद्यार्थ्यानें मात्र तें सर्व घ्यावें, परीक्षा उत्तीर्ण व्हावें आणि देण्याचा विचार मोठेपणीं, नोकरी लागल्यावर करावा, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु दहा-बारा वर्षें केवळ घेण्याचीच संवय ज्या हाताला लागली, तो हात पुढें एके दिवशीं आपोआप देऊं लागेल, असें मानण्यास आम्हांस कांहीं आधार दिसत नाहीं. म्हणून वर्गांत बसलेले असतांनाच स्वार्थ कोणता व परार्थ कोणता, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करणें अवश्य आहे.

प्रथम, स्वार्थ म्हणजे काय नव्हे तें पाहूं. आपला अभ्यास मन लावून करणें, वेळेवर जेवणें व निजणें, शरीर निकोप ठेवणें, चांगले गुण मिळावेत अशी इच्छा धरणें, ह्यांत स्वार्थ नाहीं. आपल्यासारखीच शेजाऱ्यावर प्रीति करावी, ही आज्ञा प्रभु येशूनें देवावरील प्रीतीच्या आज्ञेच्या खालोखाल मानिली. तिच्यांत ‘आपण’ वगळलेले नाहीं. उलट आपली आपल्यावरील प्रीति हेंच शेजाऱ्यावरील प्रीतीचें माप ठरविलें आहे. आपलें हित कशांत आहे हें जो जाणत नाहीं, तो दुसऱ्याचें हित काय ओळखणार? तेव्हां स्वहित हा दोष नव्हे. शेजाऱ्याचें हित झालें म्हणजे आपली हानि झाली, असें जेव्हां मनास वाटूं लागतें, तेव्हां स्वहिताचा स्वार्थ होतो.

आमच्या कुरखेडा भागांतील एक नित्याची गोष्ट घ्या. उन्हाळ्याच्या आरंभीं मोहाचीं फुलें गळूं लागतात. पहांटे टोपल्या घेऊन घरचीं माणसें झाडाखालीं जातात; मुलेंही जातात, कारण वेंचलेला मोह हा कित्येक कुटुंबांच्या मिठामिरचीचा आधार असतो. पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. नेमक्या ह्याच दिवसांत शाळेंत उजळणी चाललेली असते व वार्षिक परीक्षा जवळ येते. जो मुलगा चार दिवस वर्गांत आला नाहीं, किंवा डोळ्यांवर झोंप घेऊन शेवटच्या बांकावर बसला, त्याचें राहिलेलें गणित कोठें आहे? तें शेजारच्या मुलाच्या वहींत आहे. ती वही त्यानें मागितली असतां ‘घरीं विसरलों’ असें म्हणणें किती सोपें आहे! त्यांत चोरी नाहीं, मारामारी नाहीं, शिक्षेस पात्र असें कांहींच नाहीं. तथापि त्या दोन शब्दांत एका वर्गबंधूचें वर्ष बुडूं शकतें. विद्यार्थिजीवनांतील स्वार्थ हा असा सभ्य वेषांत वावरतो, म्हणूनच तो ओळखूं येत नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांतील दाखला ह्या ठिकाणीं आठवावा. एका धन्यानें परदेशीं जातांना आपल्या तीन चाकरांजवळ द्रव्य सोंपविलें. दोघांनीं व्यापार करून तें वाढविलें. तिसऱ्यानें जमीन खणून तें पुरून ठेविलें व धनी येतांच जसेंच्या तसें परत केलें. त्यानें एक पैही लांबविली नव्हती. तरी ठपका त्याच्यावरच आला. मिळालेलें पुरून ठेवणें, हाच त्याचा अपराध. वही दडविणारा विद्यार्थी दुसरें काय करतो? आणि विद्येची गोष्ट तर द्रव्याहूनही निराळी आहे. धानाची एक पायली शेजाऱ्यास दिली तर आपली कणगी तेवढी उणी होते. परंतु गणिताची रीत त्यास समजावून दिली तर ती आपल्यापाशीं उणी होत नाहीं, उलट पक्की होते. समजावून देतांनाच पुष्कळदां आपणांस कळतें, कीं नेमकें कोठें आपल्यालाच समजलें नव्हतें.

ह्या प्रांतांतील शेतकऱ्यास हा धडा पुस्तकावांचून ठाऊक आहे. जुन्या चांदा व भंडारा जिल्ह्यांत पूर्वजांनीं बांधलेले तलाव आजही उभे आहेत; मालगुजारी नष्ट झाल्यावर त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणूं लागले. तलावाचें पाणी वरच्या बांधींतून खालच्या बांधींत आणि तेथून तिच्याही खालच्या बांधींत उतरतें. वरच्यानें आपला धुरा फोडलाच नाहीं, तर खालच्याचें धानपीक वाळतें. आणि अडवून धरलेल्या पाण्यानें वरच्याचें पीक कांहीं दुप्पट येत नाहीं. शिक्षणांत आपण प्रत्येकजण कोणाच्या तरी खालच्या बांधींत आहों व कोणाच्या तरी वरच्या बांधींत आहों. नववीचा मुलगा सहावीच्या मुलाच्या वर आहे. शाळेंत येणारी मुलगी अक्षरओळख नसलेल्या आपल्या आजीच्या वर आहे. वरून पाणी आलें, एवढ्यावरच समाधान मानून चालत नाहीं; आपला धुरा उघडा आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें पाहिलें पाहिजे.

महाराष्ट्राच्या इतिहासांत ह्याचें ठळक उदाहरण एका मिशन शाळेच्या विद्यार्थ्यानेंच घालून दिलें आहे. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ ह्या काळांत पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांनीं आपला मार्ग स्वतंत्रपणें आंखिला व १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. परंतु शाळेंत मिळालेलें ज्ञान त्यांनीं पुरून ठेविलें नाहीं. घरीं पत्नी सावित्रीबाई ह्यांस त्यांनीं शिकविलें, आणि १८४८ सालीं, ऐन विशींत, पुण्यांतील भिडे वाड्यांत मुलींची शाळा उघडली. त्यापायीं उभयतांस १८४९ सालीं वडिलांचें घर सोडावें लागलें. पुढें १८९७ सालीं प्लेगच्या सांथींत रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाईंस तोच रोग जडला व १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. परार्थाची किंमत कधीं कधीं अशी मोजावी लागते, हें आम्ही मुलांपासून लपवूं इच्छित नाहीं.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाई ह्यांचें. त्यांनीं तरुणपणीं दुष्काळांत आईबाप गमावले व स्वतः उपासमार सोसली. इतकें भोगलेल्या बाईनें पुढें केवळ आपलें पाहिलें असतें, तर कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत आल्या, आणि उपाशी मुली व विधवा ह्यांस त्यांनीं आपल्यापाशीं नेलें. आपला चांदा जिल्हा त्या काळीं ह्याच प्रांतांत मोडत असे. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें नुसतें अन्न दिलें जात नव्हतें. अक्षरें शिकविलीं जात व हातांस उद्योग दिला जाई. बाईंना लहानपणीं आईनें संस्कृत शिकविलें होतें. पुढें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करण्यासाठीं त्यांनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला आणि १९२२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या कामांत खंड पडूं दिला नाहीं. आपल्या दुःखाचें भांडवल करून दुसऱ्याकडे पाठ फिरवितां येते. त्याच दुःखानें दुसऱ्याचें दुःख ओळखतांही येतें. रमाबाईंनीं दुसरा मार्ग धरिला.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. अमेरिकेंत उच्च शिक्षण घेतलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग १९८६ सालीं गडचिरोलीस कामास आले. त्यांनीं पुढें ३९ गांवांत, पांच ते दहा इयत्ता शिकलेल्या गांवच्याच स्त्रियांस नवजात बालकांची घरच्या घरीं काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. बाळाचें वजन करणें, त्यास ऊब देणें, श्वास कोंडल्यास उपाय करणें, जंतुदोषाचीं लक्षणें ओळखून औषध देणें, हीं कामें त्या करूं लागल्या. तिसऱ्या वर्षीं त्या गांवांत जन्मापासून महिन्याच्या आंत दगावणाऱ्या बालकांचें प्रमाण हजारीं सुमारें २५ वर आलें. जेथें ही सोय नव्हती, त्या गांवांत तें सुमारें ६० होतें. हा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आमच्या कुरखेड्यांतही १९८४ सालीं ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था स्थापन झाली. पांच ते दहा इयत्ता! आज आपल्या शाळेच्या बांकांवर बसलेल्या मुलामुलींचें शिक्षण तेवढेंच आहे. आपल्याजवळ देण्याजोगें अजून कांहीं नाहीं, असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यानें ह्या स्त्रियांकडे पाहावें.

हीं सर्वच कामें ख्रिस्ती मंडळीच्या नांवानें झालेलीं नाहींत. त्यामुळें ख्रिस्ती विद्यार्थ्यानें तीं परकीं समजूं नयेत. लूकाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत जखमी वाटसरूस सोडून याजक पुढें गेला, लेवीही पुढें गेला. थांबला तो शोमरोनी, ज्यास ऐकणारे लोक परका व हलका मानीत असत. शेजारधर्माचा नमुना म्हणून प्रभूनें मुद्दाम परका पुढें केला. ख्रिस्ती हें नांव धारण केल्यानें परार्थाचा मक्ता आपल्याकडे येत नाहीं. परार्थाचें ऋण मात्र येतें, कारण जो दुसऱ्यांसाठीं वधस्तंभावर गेला त्याचें तें नांव आहे.

येथें एक सूचना करणें जरूर आहे. परीक्षेंत मित्रास आपला पेपर दाखविणें, हा परार्थ नव्हे. त्यानें मित्राची मेहनत करण्याची शक्तिच आपण हिरावून घेतों. वर्षभर त्यास शिकविण्याचा आळस करावयाचा आणि शेवटच्या दिवशीं उत्तर पुरवून उदार म्हणवावयाचें, हा तर स्वार्थच होय. त्याचप्रमाणें, चारचौघांनीं पाहावें म्हणून केलेलें साहाय्य, किंवा ज्यास साहाय्य केलें त्यास उठतां बसतां त्याची आठवण करून देणें, ह्यांतही परार्थ उरत नाहीं. डाव्या हातासही न कळेल असें उजव्या हातानें द्यावें, असें प्रभूनें डोंगरावर शिकविलें तें ह्याचसाठीं.

पालकांस आमची एक विनंति आहे. मूल शाळेंतून आलें म्हणजे ‘कितवा नंबर आला?’ असें आपण विचारतां. तें अवश्य विचारावें. परंतु त्याच्याबरोबर ‘आज कोणाला काय समजावून दिलेंस?’ हेंही विचारीत जावें. ज्या प्रश्नाचें उत्तर घरीं रोज द्यावें लागतें, त्याची तयारी मूल शाळेंत आपोआप करूं लागतें. आणि उद्यां तें शिक्षणासाठीं गडचिरोलीस किंवा नागपुरास गेलें, तरी गांवाचा विसर त्यास सहसा पडणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, योहानाच्या शुभवर्तमानांत पांच भाकरी व दोन मासळ्या जवळ असलेला एक मुलगा आहे. त्याचें नांवही कोणी लिहून ठेविलें नाहीं. पांच हजार लोकांपुढें ती शिदोरी कांहींच नव्हती, आणि हें तेथील मोठ्या माणसांनीं बोलूनही दाखविलें. तरी ती प्रभूच्या हातीं आली, आणि सर्व जेवले. तेव्हां तो मुलगाही उपाशी राहिला नसेल. तुमची शिदोरी म्हणजे एक वही, अर्धा तास व थोडा धीर. येत्या मोहाच्या हंगामांत तुमच्या वर्गांतील कोणाची जागा रिकामी दिसली, तर त्याची वाट न पाहतां ती वही घेऊन त्याच्या घरीं जा. तसें करण्याची बुद्धि व बळ परमेश्वर तुम्हां सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना.