बंड्याचे शिक्षण आणि माझे

आमच्या घरी यापूर्वी कोणीही कुत्रा पाळलेला नव्हता. कुत्र्याने अंगणापर्यंत यावे, भाकरीचा तुकडा घ्यावा आणि आपल्या वाटेने जावे, असे आजीचे मत. अशा घरात गेल्या पावसाळ्यात मी बंड्याला घेऊन आले. लोकांनी सोडून दिलेल्या कुत्र्यांना आसरा देणाऱ्या एका संस्थेत तो होता. वय अंदाजे दीड वर्ष, पांढरे अंग, एका डोळ्याभोवती तपकिरी डाग आणि अर्धे दुमडलेले कान. पशुवैद्य त्याला पाहून म्हणाले, ‘‘यात टेरियरचे रक्त दिसते. जरा सबुरीने घ्या.’’ मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. पावलॉव्हचा कुत्रा मला तोंडपाठ होता. त्यामुळे सबुरीचा उपदेश मी फारसा मनावर घेतला नाही. पुढे माझी जी फजिती झाली आणि तिच्यातून मी जे शिकले, ते या लेखात मांडत आहे.

प्रथम टेरियरविषयी थोडेसे. लॅटिन भाषेत ‘टेरा’ म्हणजे जमीन. उंदीर, कोल्हे अशा प्राण्यांना बिळात शिरून हुसकावण्यासाठी ब्रिटनमध्ये ही कुत्री जोपासली गेली. बिळाच्या अंधारात मालकाचा हुकूम पोचत नाही. तेथे कुत्र्याला स्वतःच्या बुद्धीने वागावे लागते. तेव्हा उकरणे, भुंकणे आणि हट्ट न सोडणे हे या जातीचे पिढीजात कसब होय. बंड्याने तिसऱ्याच दिवशी आजीची तुळस उकरली, तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

आता माझ्या चुका सांगते. पहिली चूक अगदी सुरुवातीची. कॉलेजातून परत आले तर माजघरात ओले झालेले. बंड्याला ओढत तेथे नेले, त्याचे नाक फरशीला टेकवले आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळीने दोन फटके दिले. असे चार-पाच वेळा घडले. नंतर तो माझ्यासमोर ओले करीनासा झाला. मला वाटले, धडा उमगला! चार दिवसांनी खाटेखालून वास येऊ लागला. ‘घरात करू नये’ असे मी शिकवू पाहत होते. तो मात्र ‘हिच्या देखत करू नये’ एवढेच शिकला होता.

दुसरे उदाहरण दूधवाल्याचे. पहाटे तो दारात आला की बंड्या भुंकून घर डोक्यावर घेई. दूधवाला पिशवी ठेवून निघून जाई. जाणे हे त्याचे रोजचेच काम. पण बंड्याच्या दृष्टीने पाहा. मी भुंकलो आणि शत्रू पळाला! रोज पहाटे हा विजय त्याला आयता मिळत होता. मग तो भुंकणे कशाला सोडील?

तिसरी चूक सर्वांत महाग पडली. जेवताना कोणी जवळ गेले की बंड्या गुरगुरे. ‘‘अन्नदात्यावर गुरगुरतोस?’’ म्हणून मी दर वेळी त्याला दटावत असे. हळूहळू गुरगुर थांबली. एके संध्याकाळी माझा धाकटा भाऊ त्याची थाळी सरकवायला वाकला आणि बंड्याने आवाजही न करता त्याच्या मनगटाला दात लावले. गुरगुरणे ही सूचना होती. मी सूचना बंद पाडली. भीती तशीच राहिली.

जखम लहान होती. तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन आम्ही लगेच दवाखान्यात गेलो. बंड्याला रेबीजची लस टोचलेली होती, पण डॉक्टरांनी भावालाही इंजेक्शने दिली. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ‘जरासे तर लागले आहे’ म्हणून कोणी घरी बसू नये. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. शेवटी एवढेच म्हणाले, ‘‘एक महिना देतो. नाही जमलं तर जिथून आणलास तिथं सोडून ये.’’ एकदा सोडून दिलेल्या जिवाला पुन्हा सोडून यायचे, या विचाराने मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या सरांना सगळे सांगितले. त्यांनी लॉइड मॉर्गन या ब्रिस्टलच्या मानसशास्त्रज्ञाची आठवण करून दिली. मॉर्गनकडे टोनी नावाचा फॉक्स टेरियर होता. तो फाटकाची कडी डोक्याने उचलून बाहेर पडे. पाहणाऱ्याला वाटावे, केवढा विचार करतो! पण मॉर्गनने सुरुवातीपासून निरीक्षण केले होते. टोनी गजांतून कोठेही डोके घाली. एकदा योगायोगाने कडी उचलली गेली, फाटक उघडले. पुढे निरर्थक प्रयत्न गळत गेले आणि सुमारे तीन आठवड्यांनी तो नेमका कडीशीच जाऊ लागला. साध्या प्रक्रियेने उलगडा होत असेल तर प्राण्याच्या अंगी उच्च बुद्धी कल्पू नये, हा मॉर्गनचा १८९४ च्या ग्रंथातील दंडक प्रसिद्ध आहे. पुढे १८९८ मध्ये थॉर्नडाइकने मांजरांवरील प्रयोगांतून हेच दाखवले. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती दृढ होते. सर म्हणाले, ‘‘बंड्याला लबाड, कृतघ्न म्हणणं सोड. तो काय करतो आणि लगेच त्याला काय मिळतं, एवढंच लिहून काढ.’’

मी वही घातली. आठ दिवसांत ध्यानात आले की त्या वहीत बंड्यापेक्षा आमच्याच सवयी जास्त होत्या. मग आम्ही बदललो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला बाहेर नेऊ लागलो. बाहेर केले की तेथल्या तेथे शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा. घरात येऊन दिलेल्या बक्षिसाचा त्याला अर्थ लागत नाही. घरात झाले तर निमूटपणे पुसून टाकायचे. दूधवाल्याच्या वेळेआधीच त्याला आतल्या खोलीत गोणपाटावर बसवून खाऊ देऊ लागलो. तो जेवत असताना थाळीला हात लावायचा नाही. लांबूनच चांगला तुकडा टाकून पुढे जायचे. हे काम सुरुवातीला मीच केले. भावाला जवळ जाऊ दिले नाही. माणूस जवळ आला की काही जाते, हा त्याचा अनुभव. काही मिळते, असा नवा अनुभव त्याला द्यायचा होता. उकरण्यासाठी परसात मातीचा एक कोपरा दिला. तुळस वाचली.

सर्वांत अवघड विद्यार्थी निघाली आजी. ती पानावरून गुपचूप पोळीचा तुकडा देई. ‘‘कधीतरीच देते गं!’’ पण कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय रोजच्या बक्षिसापेक्षा चिवट असते, हे स्किनरच्या प्रयोगांनी दाखवले आहे. मी आजीला ते समजावले. ती म्हणाली, ‘‘नामदेवांनी कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, तेव्हा तुझा हा स्किनर कुठं होता?’’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी तडजोड झाली. तुकडा आजीच देईल, पण जेवण आटोपल्यावर आणि बंड्या गोणपाटावर बसलेला असतानाच.

महिना संपला त्या दिवशी बाबांनी काही विचारले नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतःच पट्टा उचलला आणि बंड्याला फिरवून आणले.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. विलोपन झालेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप पुन्हा प्रकट होते, हे पावलॉव्हने नोंदवून ठेवले आहे. शिकलेले पुसले जात नाही; त्यावर नवे शिकणे तेवढे चढते. आजही सकाळी बाबा वर्तमानपत्र वाचून झाले की सवयीने त्याची गुंडाळी करतात. बंड्या तत्क्षणी उठतो आणि खाटेखाली जाऊन बसतो. बाबांनी त्याच्यावर कधीच हात उगारलेला नाही. तो धडा माझा आहे, आणि बंड्याने तो पक्का पाठ केला आहे.