लुगड्याची गोधडी

आजीचे जीर्ण लुगडे गोधडीसाठी कापावे की नाही, असा प्रश्न पुष्कळ घरांतून पडतो. आमच्या मते कापू नये. नऊवारी लुगडे सुमारे ८ मीटर लांब असते. त्याची दोनदा घडी घातली म्हणजे २ मीटर लांबीचे चार थर मिळतात. एका माणसाच्या पांघरुणास एवढे पुरे. फाटक्या धोतराचे वा सदऱ्याचे तुकडे मधल्या थरांत पसरावेत. कृत्रिम धाग्याचे पातळ मात्र घालू नये; ते घाम शोषीत नाही व निसटत राहते.

ऊब येते ती थरांत अडकलेल्या हवेमुळे. धावदोरा थरांना जागच्या जागी धरतो. परंतु दोरा फार ओढला तर थर दबतात आणि ऊब उणावते. काठापासून आरंभ करून, तळहाताने कापड सारखे करीत, फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे यावे. मध्यावर सुरकुती साचू लागली तर शेवटची फेरी उसवावी. हे जिवावर येते खरे! उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपली कवंदी अशीच कडेकडून आत शिवीत नेतात, आणि चारही कोपऱ्यांना कापडी ‘फुले’ लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत.