खुर्चीत बसून बादुआनजिन: पहिली हालचाल

पक्षाघातानंतर लक्ष टिकत नाही, कामाचा क्रम विसरतो? त्याच्या सरावासाठी बादुआनजिन हा चिनी व्यायाम करून बघा. त्यात आठ हालचाली असतात. आज पहिलीच करू: दोन्ही हातांनी आकाश पेलायचं. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ‘हो’ म्हणालेत ना? मग चला!

1. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. चाकांची किंवा डगमगणारी नको.

2. घरच्या कुणाला तरी तुमच्या कमजोर बाजूला उभं करा. तोल बहुधा तिकडेच जातो.

3. खुर्चीत ताठ बसा. तोल सावरत नसेल तर पाठ टेकवूनच बसा.

4. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर सपाट टेकवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या.

5. हात मांडीवर ठेवून बोटं गुंफा, कमजोर हाताचा अंगठा वर. बोटं आखडली असतील तर ओढाताण नको. चांगल्या हाताने तो हात खालून धरा.

6. श्वास घेत हात छातीपर्यंत उचला. खांदे कानांकडे चढू देऊ नका.

7. तळवे बाहेर वळवा. वळत नसतील तर राहू द्या.

8. हात हळूहळू वर न्या. फिजिओथेरपिस्टने सांगितल्याशिवाय खांद्याच्या वर नको, आणि खांदा दुखला की तिथेच थांबा.

9. नजर हातांवर ठेवा. मान मागे टाकलीत तर चक्कर येऊ शकते.

10. श्वास सोडत हात मांडीवर आणा. श्वास कोंडू नका आणि बोटं मध्येच सोडू नका, नाहीतर कमजोर हात धपकन पडेल.

11. आता पुन्हा करा, पण प्रत्येक हालचालीआधी मोठ्याने म्हणा: छाती, वळण, वर, नजर, खाली. घाई केलीत की क्रम चुकतो.

12. अडलात तर स्वतःच आठवा. शेजारी उभ्या माणसाने मनात दहा अंक मोजल्याशिवाय सांगायचं नाही. मेंदूला व्यायाम या आठवण्यातच आहे.

13. सहा वेळा झालं की थांबा. दमलात तर तीनही पुरे.

चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली किंवा हात एकाएकी लुळा पडला तर वाट न बघता 108 ला फोन करा.

पाचही शब्द कुणी न सांगता ओळीने आठवू लागले, की धनुष्य ताणायची दुसरी हालचाल शिकायला घ्या. तोवर रोज हीच करा, शांतपणे आणि न चुकता!