मचवा बांधू या, रंगवू या



मागच्या पाठात आपण स्वयंपाकघरातले शब्द शिकलो. या वेळी गलबतांचे शब्द शिकायचे आहेत. नुसती यादी पाठ केली तर ती आठ दिवसांत विसरते, हे मला इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतर पक्के ठाऊक आहे. म्हणून या पाठात आपण एक लहानसा लाकडी मचवा बांधून रंगवणार आहोत. जो भाग हाताने घासला, चिकटवला, रंगवला, त्याचे नाव सहसा विसरत नाही.

मचवा म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीला आणि माल वाहायला वापरायची मध्यम आकाराची शिडाची होडी. तिचे पुढचे टोक लांब आणि तिरपे पुढे गेलेले असते, डोलकाठीही थोडी पुढे झुकलेली असते, आणि शीड तिरप्या काठीला बांधलेले असते. माझे वडील मुंबईच्या गोदीत सुतार होते. त्यांचा रंधा, गुण्या आणि दोन पटाश्या मी इंग्लंडला येताना ट्रंकेत घालून आणल्या. कितीतरी वर्षे त्या तशाच पडून होत्या. निवृत्तीनंतर मी त्या बाहेर काढल्या, आणि अकरा वर्षांच्या नातीला सोबत घेऊन हा मचवा करायला बसले.

१. प्रमाण ठरवणे

प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूची मापात केलेली लहान नक्कल. आम्ही एका फुटाला अर्धा इंच असे प्रमाण धरले. एका फुटात बारा इंच, म्हणजे चोवीस अर्धे इंच. म्हणून हे प्रमाण १:२४ असे लिहितात. ३६ फुटी मचवा १८ इंचांचा झाला. साडेपाच फूट उंचीचा तांडेल पावणेतीन इंचांचा झाला. सहा इंच रुंदीची फळी पाव इंचाची झाली. एकदा प्रमाण ठरले की ते सगळ्या भागांना लावायचे. दोर जाड आणि फळ्या बारीक असे केले, की मचवा खेळण्यातला दिसू लागतो.

२. सांगाडा आणि फळ्या

आधी कणा. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारा हा मधला तुकडा आम्ही ५ मिलिमीटर प्लायवुडचा कापला. त्याला खाचा पाडून नऊ बरगड्या बसवल्या. प्रत्येक बरगडी कण्याशी काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून पाहिले. इथे आळस केला तर पुढचे सगळे वाकडे होते.

मग फळ्या. दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवल्या की वाकतात. एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे लावायची. एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी लावून टाकल्या तर वाळताना त्या कण्याला ओढून पीळ देतात. डिंक वाळेपर्यंत पट्ट्या धरून ठेवायला आम्ही कपडे वाळत घालायचे चिमटे वापरले.

फळ्यांमधल्या फटींत लांबी भरली, वाळू दिली, आणि पॉलिश पेपरने घासली; आधी १२० नंबर, मग २४०, शेवटी ४००. घासताना हात लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा, आडवा फिरवू नये.

३. रंग

रंग शोभेसाठी असतो असे आपल्याला वाटते. खऱ्या होडीला तो आधी पाण्यापासून राखण्यासाठी लागतो. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाला तारू बांधायला सांगितले आहे, तिथे ते आतून आणि बाहेरून डांबराने लिंपायलाही सांगितले आहे. कोकणातले खलाशी जुन्या काळी मचव्याच्या तळाला चुना आणि तेल लावत. म्हणून आमच्या मचव्याचा तळ आम्ही पांढरा केला, पण दुधासारखा नाही. पांढऱ्यात पिवडीचा एक थेंब घातला.

याचे एक कारण आहे. खरी होडी आपण लांबून पाहतो आणि मधल्या हवेमुळे तिचा रंग जरा फिका, जरा धूसर दिसतो. लहान प्रतिकृतीला डब्यातला गडद रंग तसाच लावला तर ती डोळ्यांत खुपते. म्हणून काळ्यात थोडा राखाडी मिसळावा, पांढरा थोडा मळका करावा, आणि चकचकीत रंग टाळून मंद रंग घ्यावा.

क्रम असा ठेवा. ओल्या फडक्याने धूळ पुसा. अस्तराचा एक पातळ हात द्या. राखाडी अस्तर लावले की आधी न दिसलेले खड्डे दिसतात. तिथे पुन्हा लांबी भरा आणि घासा. मग पाण्याची रेघ आखा. मचवा सपाट टेबलावर सरळ टेकवा, लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधा, आणि ठोकळा टेबलावरून होडीभोवती फिरवा. सगळीकडे सारख्या उंचीवर रेघ येते. रेघेवर चिकटपट्टी लावून खालचा आणि वरचा रंग वेगवेगळे द्या. वरच्या भागाला आम्ही हिरमुजी रंग दिला. हिरमुजी म्हणजे तांबूस तपकिरी माती. इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरावरून तिला हे नाव पडले. म्हणजे हा मराठी शब्दसुद्धा समुद्रावरूनच आपल्याकडे आला आहे.

आता माझी चूक सांगते. डिसेंबर महिना होता, हवा दमट होती, आणि मला घाई झाली होती. पहिला हात वरून कोरडा लागला म्हणून मी दुसरा दिला. सकाळी पाहते तर सगळ्या बाजूला सुरकुत्या. तेलाचा रंग वरून वाळला तरी आत ओला राहतो, हे वडिलांनी मला लहानपणी दहा वेळा सांगितले होते. सगळा रंग खरवडून पुन्हा लांबी आणि अस्तर करण्यात दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत नातीने मला एकदाही बोलून दाखवले नाही. तिसऱ्या वेळी मात्र ब्रश तिने तिच्या हातात ठेवला.

शीड मांजरपाटाचे केले. कापड चहाच्या पाण्यात भिजवून वाळवले, म्हणजे कोरेपणा जातो. दोरासाठी जाड सुती धागा मेणावरून ओढून घेतला, म्हणजे त्याचे तंतू उभे राहत नाहीत.

४. पाटीवर काय लिहावे?

मचवा तयार झाला तेव्हा नातीने विचारले, "आजी, आपण याच बोटीतून आलो का?"

मी हो म्हणाले. आपल्या घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरले. मी लगेच एक पाटी रंगवली, "आपल्या पूर्वजांचे तारू", आणि सणाच्या दिवशी मंडळींना दाखवायला मचवा घेऊन गेले. सगळ्यांनी कौतुक केले. मग नव्वदीच्या एका मावशींनी चष्मा नीट करून पाहिले आणि विचारले, "बाई, डोलकाठी एकच होती हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी विचार केला तेव्हा एकाच्या जागी तीन प्रश्न उभे राहिले. फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या होत्या की दोरीने शिवलेल्या? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरच्या शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. भूमध्य समुद्रातली त्या काळची जहाजे मात्र फळीत खाच आणि खाचेत लाकडी जीभ बसवून जोडत. शीड चौकोनी होते की तिरपे? डोलकाठ्या किती? आपल्या गोष्टीत माणसे मोजलेली आहेत. गलबताबद्दल तिच्यात काहीच नाही.

याच्या उलट उदाहरण या देशातच आहे. हार्टलपूल गावी 'ट्रिंकोमली' नावाची लढाऊ नौका पाण्यात उभी आहे. ती मुंबईत बांधली, सागवानाची. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. ती पाण्यात सोडली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. तिचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला पाठवले होते. ते जहाज १८१२ साली ब्राझीलजवळच्या लढाईत गेले, त्याबरोबर नकाशेही गेले. तरीही नवी प्रत पाठवता आली, कारण इंग्लंडमध्ये मूळ जपलेले होते. तिचा तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब आहे. फुटाला एक अष्टमांश इंच धरला तर प्रतिकृतीत तो पावणेएकोणीस इंच होतो. तिची प्रतिकृती करणाऱ्याला काहीही मनाने घालावे लागत नाही. आपल्या तारवाची दुसरी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती.

मी जुनी पाटी घासून काढली आणि नवी लिहिली: "कोकणातला मचवा, प्रमाण १:२४. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले. त्यांचे तारू कसे होते याची नोंद नाही."

मला वाटले होते, लोक नाराज होतील. एकदोघे झालेही. पण पुढच्या वेळी त्याच मावशी मचव्यापाशी बसल्या आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला कसे जात, कोंबड्यांच्या टोपल्या कुठे ठेवत, पावसाळ्यात लाँच बंद असली की गावी कसे जात, हे सांगू लागल्या. मग आणखी दोघे बसले. एका काकांना शिडाच्या होडीतून धरमतरच्या खाडीत गेल्याचे आठवत होते. पहिल्या पाटीपाशी कोणी काही सांगितले नव्हते. ती वाचून सगळे मान डोलवत पुढे जात होते. नातीने त्या दिवशी ऐकलेले सगळे वहीत लिहून घेतले, कोणी सांगितले आणि केव्हाचे, हे सुद्धा. ती नोंद आता आपल्या वर्गाच्या कपाटात आहे.

शब्द शिका

नाळ: होडीचे पुढचे टोक.
कणा: तळाचा मधला मुख्य तुकडा.
डोलकाठी: शीड लावायचा उंच खांब.
शीड: वारा धरणारे कापड.
सुकाणू: होडी वळवायचे साधन. 'सुकाणू हाती घेणे' म्हणजे कारभार हाती घेणे.
वल्हे: पाणी मागे सारायचे लाकडी साधन. आपल्या वल्हांडण सणाशी याचा संबंध नाही. तो शब्द ओलांडणे या अर्थाचा आहे.
नांगर: होडी एका जागी धरून ठेवणारा जड आकडा. शेत नांगरायचा तोही नांगरच. दोन्ही शब्द सारखेच उच्चारतात, मुळे वेगळी आहेत.
तांडेल: होडीवरचा प्रमुख.
अस्तर: रंगाआधीचा थर.
लांबी: फटी बुजवायचा लगदा.

म्हण: बुडत्याला काडीचा आधार.

घरी करून पाहा

१. नोहाच्या तारवाची मापे ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच अशी दिली आहेत. एका हाताला एक मिलिमीटर धरा आणि पुठ्ठ्याची प्रतिकृती करा. ती ३० सेंटिमीटर लांब होईल. रुंदी आणि उंची किती, ते तुम्ही काढा.

२. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा: तुम्ही पहिल्यांदा कोणत्या बोटीत बसलात, कुठून कुठे गेलात? उत्तर मराठीत दहा ओळींत लिहा. त्यांना जे आठवत नाही ते आपल्या मनाने भरू नका; ती जागा मोकळी सोडा.

३. वडीलधाऱ्यांसाठी: वरच्या शब्दांपैकी तुमच्या गावी वेगळा शब्द वापरत असल्यास तो गावाच्या नावासह लिहून पुढच्या वर्गाला आणावा. पुढच्या पुस्तिकेत तो छापू.