तंबाखूच्या भुकटीतील उपयुक्त द्रव्ये

निपाणी म्हटले की तंबाखूच्या वखारी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. बेळगाव जिल्ह्याच्या या सीमाभागात पिकणारी विडी-तंबाखू तेथे चाळली जाते आणि मागे उरतात भुकटी, देठ व काड्या. १९८१ साली रास्त भावासाठी येथील उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले. त्यात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले. पानाच्या मोलासाठी एवढे सोसलेल्या भागाने या टाकाऊ मालाचे मोलही जाणून घेणे अगत्याचे आहे.

भुकटीत प्रामुख्याने दोन द्रव्ये असतात. पहिले निकोटीन. ते पानात आम्लांशी बांधलेले असते. ओलसर भुकटीत चुना मिसळला की ते मोकळे होते, रॉकेलमध्ये उतरते आणि सौम्य गंधकाम्लाने वेगळे काढता येते. अशा रीतीने निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक मिळते. ते अतिशय विषारी असल्याने भारतात त्याच्या वापरावर बंदी आली. उत्पादनाला मुभा राहिली ती केवळ निर्यातीसाठी.

दुसरे द्रव्य सोलॅनेसॉल. तंबाखूतून ते प्रथम १९५६ साली वेगळे करण्यात आले. ते पाण्यात विरघळत नाही. हेक्झेनसारख्या द्रावकात उतरते. त्यापासून को-एन्झाइम क्यू-१० बनविता येते. शरीरातील पेशींना ऊर्जानिर्मितीसाठी हा घटक लागतो, म्हणून औषधनिर्मितीत त्याला मागणी आहे. मात्र आज तो सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवूनही तयार होतो. या स्पर्धेत टिकायचे तर कच्चा माल स्वच्छ हवा.

सोलॅनेसॉल मुख्यतः पानाच्या पात्यात असते, काड्यांत अल्प. म्हणून भुकटी व काड्या वेगळ्या ठेवाव्यात, माती मिसळू देऊ नये, माल कोरडा राखावा. चाळणाऱ्या स्त्रियांनी नाकातोंडाला फडके बांधावे. वखारीत हवा खेळती असावी. द्रव्ये काढण्याचा प्रयोग घरी मात्र कदापि करू नये. निकोटीन त्वचेतूनही शरीरात भिनते व हेक्झेन चटकन पेट घेते. हे काम तज्ज्ञांच्या देखरेखीखालील कारखान्याचेच होय.

तंबाखूसेवन आरोग्यास घातक आहे, हे निर्विवाद. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारास भारताने २००४ साली मान्यता दिली. उत्पादकांना व कामगारांना पर्यायी उपजीविका मिळावी, असे तो करारही सांगतो. पीकबदल एका हंगामात होत नाही. तोवर भुकटीचा काही भाग विडीऐवजी औषधाकडे वळला आणि उत्पादकांनी सहकारी तत्त्वावर एकत्र येऊन तिची विक्री केली, तर तिचे चार पैसे शेतकऱ्याच्या पदरात पडू शकतील.